निघताना सगळं बंद

२९ सप्टेंबर, सोमवार

बाहेर सहा डिग्री. सहा! आणि आमची सूनबाई सकाळी उठल्या उठल्या घरातल्या सगळ्या खिडक्या सताड उघडते. हॉलच्या, स्वयंपाकघराच्या, माझ्या खोलीच्यासुद्धा — मी पांघरुणात असताना! म्हटलं, "अगं मीनल, माणसं राहतात इथे, फ्रिजमधली भाजी नाही." तर हसली. "दहाच मिनिटं, आई. ल्युफ्टन केलं नाही तर भिंतींना बुरशी येते."

म्हणजे आधी घर तापवायचं, मग ती ऊब बाहेर हाकलायची, मग पुन्हा तापवायचं. आणि म्हणे जर्मन लोक हुशार!

घटाजवळचा दिवा विझायला आला होता. दोन्ही हातांचा आडोसा करून उभी राहिले. अन्वी दप्तर पाठीला लावून बघत होती. दहा वर्षांची नात माझी, मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये. काहीतरी म्हणाली आणि पळाली. मीनल म्हणाली, "तिला वाटलं तुम्ही हात शेकताय." कर्म माझं.

३० सप्टेंबर

घट एकदा बसवला की हलवत नाहीत, हे सांगितल्यावर मीनलने त्या कोपऱ्यातली एक खिडकी सोडली. एक! उपकारच झाले.

२ ऑक्टोबर, दसरा

घट उठले. आता मीनलला रान मोकळं.

दुपारी यांचा फोन. सोनं घ्या, सोन्यासारखं राहा, सगळं रीतसर झालं आणि लगेच, "मग? काही ठरलं का तुझं?"

माझं काय ठरायचंय? ठरवलंत तर तुम्ही! लिहूनच काढते, म्हणजे डोकं जरा शांत होईल. सप्टेंबरच्या सुरुवातीला, सकाळच्या चहाला, पेपरातून मान वर न काढता हे म्हणाले, "तळेगावला ज्येष्ठांची सोसायटी आहे. आपलं नाव नोंदवून आलोय. जानेवारीत जायचं. डोंबिवलीची जागा काढून टाकू." नोंदवून आलोय! बघायला जाऊ या नाही, तुला काय वाटतं नाही. कोपऱ्यावरच्या वाण्याकडून साबण आणावा तसं. ज्या घरात कुमारचं बारसं झालं, जिथला एकेक डबा मी डोळे मिटून काढू शकते, ते घर हे मला न विचारता काढून टाकणार!

कारण काय, तर "आता घराची देखभाल झेपत नाही." कोणाला झेपत नाही? मला विचारलंत? मला तर उभ्या जन्मात स्क्रू ड्रायव्हरला हात लावू दिला नाही. फ्यूज उडाला — "तू राहू दे." नळ गळला — "तू राहू दे, तुला नाही जमायचं." टेलिफोन एक्स्चेंजमध्ये अख्खी नोकरी काढली मी, रात्रपाळ्या केल्या, आणि घरातली ट्यूब बदलायला मला जमायचं नाही!

इथे यायचा व्हिसा दोघांचाही आला होता. भांडण झाल्यावर हे म्हणाले, मी येत नाही. म्हटलं, नका येऊ. एकटी विमानात बसले आणि इथे जर्मनीत, मुलाच्या गावी हेर्त्सोला येऊन थडकले. लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली, एकटीने एवढा प्रवास पहिल्यांदा. परतीचं तिकीट डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातलं. तोवर ठरवायचंय — मुकाट यांच्या मागे तळेगावला जायचं, की घरात पाय रोवून बसायचं. डोंबिवलीत असते तर रोज भांडून केव्हाच निकाल लावला असता. इथे नुसती खोल्यांतून फिरतेय. पाय ठरत नाहीत.

६ ऑक्टोबर

कुमारची कंबर धरली. गाडीतून पाण्याच्या बाटल्यांचा क्रेट उचलला आणि तसाच वाकडा राहिला. डॉक्टरीण म्हणाली, महिनाभर वाकायचं नाही, उचलायचं नाही. आता सोफ्यावर आडवा, पोटावर लॅपटॉप.

नेमकी घराची कामं तोंडावर. आपल्याकडे पावसाळ्याआधी गच्चीला डांबर फासतात ना, तसं इथे ऑक्टोबरात घर थंडीसाठी तयार करतात. बागेतला नळ रिकामा करायचा, छपराच्या पन्हळीतला पाला काढायचा, हीटरमधली हवा काढायची. कुमार सोफ्यावरून यादी सांगत होता आणि मीनलचा चेहरा पडत चालला होता. तिचं ऑफिस, अन्वीची शाळा, त्यात हे. म्हटलं, "मला सांग काय करायचं ते."

कुमार म्हणाला, "आई, तू राहू दे."

बापाचाच मुलगा!

११ ऑक्टोबर, शनिवार

आज मी हीटरची हवा काढली. मी!

प्रत्येक खिडकीखाली एक पांढरा लोखंडी हीटर असतो, त्यातून गरम पाणी फिरतं. या सगळ्याला मिळून हाइत्सुंग म्हणतात. उन्हाळाभर बंद राहिला की आत हवा अडकते. मग वरचा भाग गार, खालचा गरम, आणि पोटात गुडगुड. लोखंडालाही वात होतो म्हणायचा! बाजूला एक बारकी चौकोनी किल्ली लावायची, हळूच फिरवायची. फुस्स करून हवा सुटते. खाली वाटी धरायची. पाण्याचा थेंब आला की लगेच बंद. झालं! एवढंसं काम. पहिल्या हीटरला कुमार सोफ्यावरून ओरडत होता, "हळू, आई, हळू!" दुसऱ्याला म्हटलं, आता तू गप्प बैस. वरच्या मजल्यावरचे सगळे मी एकटीने केले. काळं पाणी उडालं साडीवर. उडू दे.

मग मीनलबरोबर तळघरात. तिथे बॉयलर, त्याच्यावर घड्याळासारखा काटा. काटा हिरव्यात आहे ना, बघायचं. आणि तळघराच्या जिन्याच्या तोंडाशी भिंतीवर एक लाल स्विच. मीनल म्हणाली, हा सगळ्या हाइत्सुंगचा मेन.

रात्री जेवताना अन्वीने माझा हात हातात घेऊन वास घेतला आणि म्हणाली, "आजी, तू बाबासारखी वास येते." चक्क मराठीत! चुकीचं असू दे, पण मराठीत.

१३ ऑक्टोबर

हात शिवशिवतायत. घरभर हिंडले, कुठला हीटर गुडगुडतोय का बघत. एक नाही. सगळ्यांची हवा मी आधीच काढलेली!

१८ ऑक्टोबर

बागेतला नळ. आधी तळघरात जाऊन त्याची आतली चावी बंद करायची, मग बाहेरचा नळ पूर्ण उघडून पाणी निथळू द्यायचं, आणि तो हिवाळाभर तसाच उघडा ठेवायचा. कुमार म्हणाला, "पाइपात पाणी राहिलं तर थंडीत गोठतं, गोठलं की फुगतं, आणि पाइप फाटतो." पटलं. उगाच अंगठाबहाद्दर नाही मी, शाळेत शिकलेय की. तळघरातच घराच्या पाण्याचा मुख्य कॉकही आहे, तोही पाहून ठेवला. आपला सोसायटीचा गंजका कॉक तिघांनी मिळून फिरत नाही. हा कसा लोण्यासारखा फिरतो.

शेजारची फ्राउ ब्रांडल कुंपणावरून बघत होती. अंगठा वर करून म्हणाली, "ज़ेर गूट!" मीही अंगठा वर केला. झाला संवाद.

संध्याकाळी यांना सांगितलं.

"तू? नळ?"

"हो. मी. नळ."

लगेच सूचना, "पाना लावताना फार जोर लावू नकोस. आटे जातात."

कौतुक करायला काय जीभ झडते का हो माणसाची?

२२ ऑक्टोबर, पाडवा

लग्नानंतर पहिला पाडवा असा. मीनलने कुमारला सोफ्यावरच ओवाळलं, उठता येईना म्हणून. मग अन्वीने फोन धरला आणि मी यांना ओवाळलं. स्क्रीनवर कुंकू लावणार होते, मीनलने हात धरला. सगळे हसलो. हेही हसले.

इस्त्रीचा शर्ट घातला होता यांनी. मागे स्वयंपाकघर दिसत होतं. ओटा लख्ख! मी असतानाही इतका लख्ख नसतो. एक भांडं इकडचं तिकडे नाही. म्हटलं, चला, माझ्यावाचून काही अडत नाही तर! तोंडाने मात्र विचारलं, फराळ कोणी दिला? म्हणाले, लताने. लता आमची शेजारीण, समोरच्या दाराची.

मग यांना काय सुचलं देव जाणे, म्हणाले, "तळेगावची खोली पूर्वेची आहे. सकाळचं ऊन येतं." पाडव्याच्या दिवशी! मी फोन ठेवून दिला.

ठेवायला नको होता. सणाचा दिवस.

२६ ऑक्टोबर

आज इथली घड्याळं एक तास मागे सरकली. सगळ्या देशाची, एकदम! आणि आमच्याकडचा माणूस आपलं एक मत मागे घेत नाही.

२ नोव्हेंबर

लताचा मेसेज. "काकू, काळजी करू नका, काकांना दोन्ही वेळचा डबा लावून दिलाय."

डबा! दोन्ही वेळचा! मी निघताना खिचडी शिकवून आले, पोहे शिकवून आले, तिखटमिठाचे डबे चिठ्ठ्या लावून ओळीने मांडून आले. सगळं बाजूला आणि डबा! म्हणजे लोकांना दाखवायचं, बघा, बायको टाकून गेली. रुसवा हा असला. लहान मुलाच्या वर. फोन आला तेव्हा विचारलं, "खिचडी का नाही करत?" म्हणाले, "कंटाळा येतो." कंटाळा! मला कधी आला असता म्हणजे?

मीनलला म्हटलं, मी नाही जाणार तळेगावला. ठरलं माझं. ती म्हणाली, "मग बाबांना सांगा तसं." सांगणार होते. फोनवर मात्र लताच्या करंज्यांवरच बोलणं झालं.

८ नोव्हेंबर, शनिवार

पन्हळ साफ. गराजचं छप्पर बुटकं आहे म्हणून मी चढते म्हटलं. कुमार आतून खिडकीवर टकटक करत होता, हातवारे करत होता. पाठ केली त्याच्याकडे. मीनल शिडी धरून उभी, मी वर. रबरी हातमोजे घालून तो काळा, कुजलेला पाला ओंजळीने काढायचा आणि खाली टाकायचा. दोनदा मीनलच्या डोक्यावर पडला. पहिला खरंच चुकून.

नंतर दोघी पायरीवर बसून चहा प्यालो. बोटं सुन्न झालेली. मीनल म्हणाली, "आई, खरं सांगू? मलाही दरवर्षी वाटायचं आपण करावं. कुमार करू देत नाही. आणि हे घर घेतलं कोणी? तो म्हणत होता, फ्लॅट भाड्याने बरा. मी भांडून घेतलंय हे. तळघरातला पाइप न् पाइप कुठे जातो ते मी आधी शिकून घेतलं." म्हटलं, "मग सोडू नकोस हट्ट." तिने माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. केसांत पाल्याची काडी अडकली होती, ती काढली.

बरी आहे पोरगी. फक्त त्या खिडक्या.

१४ नोव्हेंबर

आज मीनलच्या आधी उठले आणि घरातल्या सगळ्या खिडक्या मीच उघडल्या. तिच्या खोलीचीसुद्धा. दोन डिग्री. "आई!!" म्हणून किंचाळली रजईतून. म्हटलं, दहाच मिनिटं.

फार बरं वाटलं.

२० नोव्हेंबर

उद्या हॅम्बर्ग. तिथल्या मराठी मंडळाची दिवाळी आत्ता, सगळ्यांच्या सुट्ट्या बघून. कुमारचा मित्र सिद्धेश तिथे असतो, त्याच्याकडे उतरायचं. कुमारची कंबर आता बरी आहे, रविवारी संध्याकाळी परत. इथे शनिवारी उणे नऊ होणार म्हणे.

यांचा फोन. तळेगाववाल्यांना महिनाअखेरीला पक्कं सांगायचंय. "काय सांगू?"

"तुमचं तुम्ही सांगा. नाव नोंदवताना कुठे विचारलं होतंत?"

"अगं, तसं नाही ते."

"मग कसं?"

माणसाला बोलता येत नाही की बोलायचं नाही, हे एवढ्या वर्षांत कळलं नाही मला. मग म्हणाले, तिकडे थंडी फार आहे का? मी म्हटलं, आहे.

महिनाअखेर म्हणजे आता काय उरलं? दोन साड्या बॅगेत भरल्या, काढल्या, पुन्हा भरल्या.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार. रेल्वेत

खिडकीबाहेर सगळं पांढरं. समोर अन्वी झोपलीय, मीनल लाडवांचा डबा मांडीवर धरून बसलीय.

निघताना घरातली शेवटची मीच. सवयच ती. डोंबिवलीहून कुठेही निघायचं तर आमची कवायत ठरलेली. हे दारात उभे राहून मोठ्याने म्हणणार, "गॅस?" मी आतून, "बंद." "गीझर?" "बंद." "पंखे? नळ? मेन स्विच?" बंद, बंद, बंद. तरी एक मजला उतरलो की परत वर. कुलूप ओढून बघणार, दाराला नाक लावून वास घेणार. गावाला जायची गाडी चुकलीय एकदा यापायी. पण इतक्या वर्षांत काही राहिलं नाही कधी, हेही खरं.

आज कोणी विचारणारं नव्हतं, माझी मीच म्हटली कवायत. शेगडी बंद. दिवे बंद. वरच्या बाथरूममध्ये टॉवेल ओले होते, म्हणून खिडकी जराशी तिरकी ठेवली. हवा खेळायला हवी, नाहीतर बुरशी! मग जिन्यावरचा लाल स्विच, तोही बंद. तीन दिवस रिकाम्या घराला ऊब कशाला? टॅक्सी हॉर्न वाजवत होती. बाहेर येऊन कुलूप ओढून बघितलं.

सगळं कसं व्यवस्थित. यांनाही नावं ठेवायला जागा नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

दार उघडलं आणि आतली हवा तोंडावर आली. बाहेरच्याइतकीच गार. अन्वीच्या तोंडातून वाफ निघत होती, घरात! कुमार बूट न काढताच तळघराकडे धावला. जिन्यावरून त्याचा आवाज आला, "हा कोणी बंद केला?"

"मी," म्हटलं. "निघताना."

कुमारने स्विच लावला. मीनल वर गेली. बाथरूमची खिडकी दाणकन लावल्याचा आवाज आला. नळाला पाणी येईना वर. खाली आली तेव्हा तिचं तोंड पांढरं. मी म्हटलं, "तापेल ना गं आता?" ती म्हणाली, "बघू या, आई."

कोट घालूनच झोपतोय सगळे.

२४ नोव्हेंबर

फुटला. पाइप फुटला.

घर तापत गेलं तसा वरच्या बाथरूमच्या भिंतीतला बर्फ वितळला, आणि सकाळी हॉलच्या छतातून पाणी. आधी एक डाग, मग थेंब, मग धारच. मीनल ओरडली. मी काहीच विचार केला नाही, तळघरात पळाले आणि मुख्य कॉक बंद केला. या वयात इतक्या वेगाने जिना उतरले, पडले कशी नाही कोण जाणे. वर आले तर सोफा भिजलेला, अन्वीच्या वह्या भिजलेल्या, छताचा एक तुकडा लोंबत होता. कुमार बादल्या लावत होता.

बाहेरच्या नळाचं मला कळलं होतं! मीच रिकामा केला होता, या हातांनी! घरातलं पाणीही गोठतं, हे कसं नाही सुचलं? वर खिडकी उघडी ठेवली, खालची ऊब बंद केली, आणि कुलूप ओढून बघितलं. शाबास!

मीनल कधी आवाज चढवत नाही. आज चढवला. "आई, हे माझं घर आहे! मला एकदा विचारायचं तरी! एकदा!"

कुमार म्हणाला, "मीनल, अगं—" तर ती म्हणाली, "तू नको बोलूस," आणि रडायला लागली. मी तिथेच उभी. हातात ओलं पायपुसणं. माफ कर म्हणायचं होतं, तोंडातून आलं, "तुम्हा लोकांची घरंच विचित्र." अगदी यांच्यासारखं! चूक झाली की घराला, भांड्याला, सरकारला नावं ठेवायची. लाज वाटली, तरी मागे घेतलं नाही.

प्लंबर येऊन भिंत फोडून गेला.

२५ नोव्हेंबर

भिंत वाळवायचं यंत्र लावलंय. दिवसभर घरघर. कानात तेच वाक्य — मला एकदा विचारायचं तरी. शब्द न् शब्द माझाच! दसऱ्याला मी हेच लिहिलं, त्या दिवशी फोनवर यांनाही हेच ऐकवलं. आणि मी काय केलं? तिच्या घराचा मेन बंद करून लाडू घेऊन गाडीत बसले. वाईट हेतू होता का? छे! चांगलंच करतेय असं वाटत होतं. मग यांनाही तसंच वाटलं असेल का? नाही, पण घर विकणं म्हणजे काय स्विच आहे? एकदा वाटतं, यांचं काहीच चुकलं नाही. लगेच वाटतं, चुकलंच. सकाळपासून असं चाललंय. भाजी दोनदा मीठ घालून ठेवली.

संध्याकाळी मीनल ऑफिसातून आली. चहा दिला. म्हटलं, "चुकलं माझं. विचारायला हवं होतं." ती म्हणाली, "मीही फार ओरडले." मग दोघी भिजल्या वह्यांची पानं सुटी करत बसलो, मधे मधे टिपकागद घालत. तिने विचारलं, "बाबांना सांगितलं?"

नाही सांगितलं. कसं सांगू? हातात पाना घेऊन मिरवले सगळीकडे. आता ते म्हणतील, तरी मी सांगत होतो, तुला नाही जमायचं. आणि मग तळेगावला नाही कोणत्या तोंडाने म्हणू?

२७ नोव्हेंबर

यांना सगळं सांगितलं. स्विच, खिडकी, छत, मीनलचं ओरडणं. आणि वाट बघत बसले, आता म्हणतील. तर म्हणाले, "अगं, मी उलटं केलं."

गणपती झाल्यावर मी बहिणीकडे, कुंदाकडे ठाण्याला गेले होते दोन दिवस. तेव्हा यांनी गॅसवर दूध ठेवलं आणि कुलूप लावून फिरायला गेले. दूध उतू गेलं, आच विझली, गॅस तसाच चालू. लताला वास आला. तिच्याकडे आपली किल्ली असते म्हणून! हे परत आले तेव्हा सगळा मजला जिन्यात उभा होता. "कुलूप ओढून बघितलं होतं गं मी," म्हणाले. दुसऱ्याच दिवशी तळेगावला नाव नोंदवून आले. लताला शपथ घातली, हिला सांगू नकोस. तेव्हापासून शेगडीला हात लावलेला नाही.

मग म्हणाले, "आता तू सांग. तळेगाव की आपलं घर? तू म्हणशील तसं."

विचारलं! अखेर विचारलं!

म्हटलं, "आधी उठा. दोन कप चहा ठेवा, लतालाही द्या. मी फोनवर आहे."

"नको गं."

"उठा म्हणते ना!"

खुर्ची सरकली, पातेलं वाजलं. मग लायटरचा आवाज आला.